संगणकाच्या गाभ्यातील शिस्त
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



जन्मभर खडू हाती धरलेल्या मॅट्रिक शिक्षकाने संगणकावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आपल्या वसतिगृहात गतवर्षी घडलेल्या प्रसंगाने आम्हांसच विद्यार्थी केले.

वसतिगृहासाठी आपण एआरएम प्रक्रियकाचे अल्पमोली संगणक घेतले. त्यांस जोडावयाचे वाय-फायचे उपकरण मात्र चालेना. तेच उपकरण कार्यालयातील इंटेलच्या संगणकावर निर्वेध चाले. परीक्षा तोंडावर आलेली आणि मुले हातावर हात ठेवून बसलेली! अखेर आमच्या एका माजी विद्यार्थ्याने उपकरणाच्या ड्रायव्हरची मूळ प्रत वाचली. क्षणभर थांबण्यासाठी तीत केवळ इंटेलच्या प्रक्रियकासच कळेल अशी आज्ञा घुसडली होती. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, या कामासाठी ‘यूडिले’ हे सर्व प्रक्रियकांवर चालणारे साधन आहे. ते योजताच काम झाले.

लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स आरंभिले, ते इंटेलच्या ३८६ प्रक्रियकासाठी. १९९५ च्या १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क व मिप्स हे प्रक्रियकही आले. एवढ्यांचा संसार एकत्र नांदावयाचा, तर शिस्त हवीच. म्हणून प्रक्रियकाच्या खासगी गोष्टी ‘आर्क’ या दालनात आणि उपकरणांच्या ‘ड्रायव्हर्स’ या दालनात ठेवितात. कोणी प्रक्रियक संख्येचा लहान भाग आधी मांडतो, कोणी मोठा; ड्रायव्हरने त्याची चौकशी न करिता गाभ्याच्या सामाईक साधनांकडून रूपांतर करून घ्यावे.

पूर्वी पायलीचे माप गावोगावी निराळे असे. आपल्या गावची पायली गृहीत धरून परगावी सौदा करणारा फसे. मापे एक झाली आणि तो घोळ मिटला. येथेही तेच तत्त्व आहे.

एकाच यंत्रासाठी असलेले ड्रायव्हर असतात, हे खरे. परंतु ते तसे उघड नोंदवावे. सर्वांसाठी म्हणून दिलेल्या ड्रायव्हरात एका प्रक्रियकाची सोय दडवू नये. आज ती दोन ओळींची बचत वाटते. उद्या तिचा भुर्दंड दुसऱ्याच कोणास पडतो. आपल्या वसतिगृहात तो मुलांस पडला.

या व्यवसायातील आपल्या तरुणांनी एवढे ध्यानी ठेवावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.