तापलेला फोन, फुगलेली बॅटरी

मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांवर जातो, आणि आपण फोन खुशाल मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवून लग्नाच्या पंगतीला बसतो! काचा बंद असलेल्या गाडीत डॅशबोर्ड 60 अंशांच्याही पुढे तापू शकतो. खरं तर फोन साधारण 35 अंशांपर्यंतच वापरावा, असं अनेक कंपन्या सांगतात.

फोनमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी 1991 मध्ये बाजारात आली. तिच्या पोटात दोन पत्रे, मधे सच्छिद्र पडदा आणि एक द्रव असतो. उष्णतेनं या द्रवाचं विघटन होतं, वायू सुटतो, बॅटरी फुगते. गेलेली क्षमता परत येत नाही. गंमत म्हणजे भरलेल्या बॅटरीचं नुकसान जास्त होतं. 40 अंशांत वर्षभर पूर्ण चार्ज करून ठेवली, तर साधारण एक तृतीयांश ताकद जाते. 40 टक्के चार्जवर ठेवली, तर नुकसान त्याच्या निम्म्यावर येतं.

म्हणून कपाटात ठेवायचा फोन निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणा. आणि हो, तापला म्हणून फ्रीजमध्ये घालू नका. आत दव धरतं. कव्हर काढून पंख्याखाली ठेवलं की पुरे.

बॅटरी फुगून फोनचं मागचं झाकण उचललेलं दिसलं, तर मात्र चार्जिंग तिथेच थांबवा. दाबून बसवायला जाऊ नका, टोचू तर मुळीच नका. पडदा फाटला की आग लागू शकते. अशी बॅटरी घंटागाडीत न टाकता ई-कचरा केंद्रातच द्या.