कांदा, वहाण आणि फेफरे



पोराला फेफरे आले की आपण नाकाशी कांदा नाहीतर वहाण धरतो, मग देवऋषी गाठतो. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या मेंदू व मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेचे शोधनिबंध जगभर वाचले जातात. पण तिचे खरे मोठेपण मला दिसते ते कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात. १९८५ च्या सुमारास तिथल्या आरोग्यसेवकांना तिने फेफरे व मनोविकार ओळखायला शिकवले. साधी औषधे गावाजवळच मिळू लागली. त्याच नमुन्यावर १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

तेव्हा गुरुजी, वर्गात मूल कोसळले तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, शुद्धीवर येईतो जवळ बसा. मग आरोग्यकेंद्रात न्या. कांदा भाकरीबरोबरच बरा!