उरलेल्यांची पत्रे



जग बुडाले आणि दूरदूर उरलेली माणसे एकमेकांना पत्रे लिहीत आहेत, अशा कादंबऱ्या हल्ली आवडीने वाचल्या जातात. आपल्या माणसांवर ती वेळ १४ जानेवारी १७६१ रोजी खरोखर आली. पानिपतातून वाचलेले ग्वाल्हेरला पोचले. पेशव्यांना भेलशाजवळ सावकाराच्या सांकेतिक पत्रातून संहार कळला. कोण गेले, कोण उरले, हे पत्रांवरूनच घरोघरी समजले. वाचलेल्या नाना फडणीसांनी आत्मचरित्र लिहिले, जखमी महादजींनी उत्तरेत पुन्हा जम बसवला.

आज आम्हा गोरखीकरांची मुले मराठी बोलतात, पण लिहीत नाहीत. आजोबांचे पत्र घरात असून त्यांना परके. म्हणून आम्ही सर्वांना विनवतो : या उत्सवात प्रत्येक मुलाने दूरच्या नातेवाइकाला मराठीत एक पोस्टकार्ड लिहावे.

गणपती बाप्पा मोरया!