घर बांधण्याआधी कॅलेंडर काढा



जबलपूरला मी रोज साइटवर उभं राहून स्वतःचं घर बांधून घेतलं. त्या दीड वर्षात एक गोष्ट पक्की कळली, आज तेवढीच सांगणार आहे. बांधकामात प्रत्येक कामाला त्याची वेळ असते. वेळेवर केलं तर ते स्वस्तात होतं. वेळ गेली की तेच काम कितीतरी पटीने महाग पडतं, नाहीतर होतच नाही.

तुमच्यापैकी कुणी नागपूरला ऐकत असेल, कुणी इंदूरला, कुणी बेळगावला. शब्द थोडे बदलतील. तुमच्या खडीला इथे गिट्टी म्हणतात, सळईला सरिया, गवंड्याला मिस्त्री. काम तेच.

सुरुवात जमिनीपासून. जबलपूरला दोन अगदी वेगळ्या जमिनी आहेत. मदनमहालच्या टेकड्यांकडे ग्रॅनाइटचा कातळ आहे. तिथे खणायला त्रास होतो, पण पाया एकदा बसला की बसला. पाटणकडे, शहपुऱ्याकडे निघालात की काळी माती लागते. हा हवेलीचा पट्टा. हवेली म्हणजे इथे वाडा नव्हे. शेतांना बांध घालून पावसाळाभर पाणी साठवायचं, ऑक्टोबरच्या सुमाराला ते सोडून द्यायचं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, अशी ही जुनी पद्धत. आता या भागातल्या शेतांचे प्लॉट पडतात. जी माती पाणी धरून ठेवते म्हणून नावाजलेली, तिच्यावरच आपण घर उभं करायला निघतो. माझाही प्लॉट अशाच मातीचा.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात तिच्या भेगेत हात जातो. साध्या उथळ पायावर घर असेल तर ते दरवर्षी थोडं उचललं जातं, थोडं खचतं, आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा निघतात. म्हणून आधी माती तपासून घ्या. त्यातली एक चाचणी अगदी साधी आहे. वाळवून चाळलेली 10 ग्रॅम माती पाण्यात घालतात, तेवढीच रॉकेलमध्ये, आणि 24 तासांनी दोन्हींचं आकारमान पाहतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. हा फरक 50 टक्क्यांच्या वर गेला तर पाया कसा घ्यायचा हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला ठरवू द्या, ठेकेदाराला नव्हे.

माझ्याकडे अंडर-रीम्ड पाइल घ्यावे लागले. जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल भोक, तळाशी फुगवटा, त्यात सळया आणि काँक्रीट. रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत अशा जमिनींसाठी विकसित केली. वरची माती कितीही हलली तरी घराचा भार खालच्या स्थिर थरावर राहतो. पण ही भोकं कोरडी असतानाच भरून व्हायला हवीत. इथे पाऊस जूनच्या मध्याला येतो. म्हणजे पहिली तारीख निसर्गानेच ठरवून दिली.

दुसरी गोष्ट भिंतींची. 22 मे 1997 च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला. तीव्रता 6 च्या आसपास, केंद्र कोसमघाट परिसरात, सुमारे 40 माणसं गेली. मदनमहालचा प्रसिद्ध तोललेला दगड जागचा हलला नाही, हे इथले लोक अजून कौतुकाने सांगतात. घरं मात्र हलली. मातीत रचलेल्या भिंती आणि कौलारू छपरांचं फार नुकसान झालं. खाली पार्किंगसाठी मोकळा मजला सोडलेल्या काही नव्या इमारतींचे खांबही फुटले. महाराष्ट्रात आपण 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत हेच पाहिलं. भिंती जाड होत्या, पण एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या. हादरा बसला की प्रत्येक भिंत आपापल्या दिशेने जाते.

उपाय साधा आहे: आडवा काँक्रीटचा पट्टा. जोत्यावर एक, दारं-खिडक्यांच्या वर लिंटेलला एक, आणि छप्पर उतरतं किंवा पत्र्याचं असेल तर त्याखाली आणखी एक. तो सगळ्या भिंतींवरून अखंड फिरला पाहिजे, पेटीला पट्टी मारावी तसा. 75 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यात निदान दोन सळया, 150 असेल तर चार. कोपऱ्यात सळया वळवून एकमेकींत गुंतवलेल्या हव्यात. नुसतं खिडकीपुरतं लिंटेल टाकून तिथेच तोडलं, तर तो पट्टा नव्हे.

हा पट्टा टाकायला तुम्हाला एकच संधी मिळते. भिंत लिंटेलपर्यंत आली की त्या आठवड्यात तो पडला पाहिजे. वर विटा चढल्या की विषय संपला. मग करायचं ते मजबुतीकरण, म्हणजे तोडफोड. माझ्या ठेकेदाराचं म्हणणं होतं की लोखंड उगाच वाया जातंय. मी नकाशावर पट्टा लाल पेनाने काढून ठेवला होता आणि करारात लिहून घेतला होता, त्यामुळे वाद पाच मिनिटांत मिटला.

तिसरी वेळ पाण्याची. काँक्रीट सुकून घट्ट होत नाही, ओलं राहून घट्ट होतं. बाजारात हल्ली बहुतेक मिश्र सिमेंट मिळतं. त्याला कोरड्या उन्हाळी हवेत 14 दिवस पाणी द्यायला हवं. विटा आधी भिजवा, एका दिवसात दीड मीटरपेक्षा उंच भिंत चढवू नका, आणि तिलाही सात दिवस पाणी द्या. जमलं तर भिंतींचं काम मे महिन्यात काढूच नका. मी भिंती दसऱ्यानंतर घेतल्या.

आता प्लॉटच्या आधीच्या रहिवाशांबद्दल. पाइल भरून झाले होते, जोत्याच्या बीमसाठी गिट्टीचा ढीग आला होता, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या ढिगावर टिटवीने चार अंडी घातली. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या खड्यांत अंडी ठेवते, आणि ती खड्यांसारखीच दिसतात. कुणी जवळ गेलं की नर-मादी ओरडत डोक्यावर झेपावतात. ठेकेदार म्हणाला, घमेल्यात घालून शेजारच्या प्लॉटवर ठेवू, दोन मिनिटांचं काम आहे.

पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आपल्याला वाटते त्यापेक्षा मोठी आहे. वन्य पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, इतकंच काय, अंडी-घरटी विस्कटणंही त्यात येतं. आणि हलवलेल्या अंड्यांवर पक्षी पुन्हा बसेलच असं नाही.

मग हिशेब मांडला. अंडी उबायला सुमारे चार आठवडे लागतात, म्हणजे मेचा दुसरा आठवडा. पावसाला त्यानंतरही महिना उरतो. गिट्टीचा एक डंपर जादा मागवला, तो प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला टाकून घेतला आणि बीमचं काम तिकडून सुरू केलं. ढिगाभोवती मिस्त्रीने स्वतःच चार बांबू रोवून चिंधी बांधली. त्याच्या गावात टिटहरीची अंडी पाहून पावसाचा अंदाज बांधतात, त्यामुळे त्याला काही पटवावं लागलं नाही. भर उन्हात आम्ही बीमवर पाणी मारत असू, आणि टिटवी त्या साचलेल्या पाण्यात पोट भिजवून अंड्यांवर जाऊन बसे. अंडी गार ठेवायची ही तिची रीत आहे. चारपैकी तीन फुटली. पिल्लं एका दिवसात आईबापांमागे चालत निघून गेली, ढीग मोकळा झाला. एकूण कामाला एका दिवसाचाही उशीर झाला नाही. हीच अंडी जूनमध्ये दिसली असती तर मोठं संकट झालं असतं.

साप आणि घोरपडीचंही तसंच. अजगर आणि घोरपड कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना मारल्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. विटांचा थर कुंपणाला टेकवून महिनोन्‌महिने ठेवलात तर त्यात उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात. विटा लागतील तशा मागवा. साप दिसला तर काम थांबवा, माणसं मागे घ्या, वन विभागाला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर मांत्रिक नको, थेट मोठं रुग्णालय.

डुमना परिसराच्या आसपास बांधणाऱ्यांना बिबट्याचाही विचार करावा लागतो. अशा ठिकाणी सगळ्यात आधी मजुरांसाठी संडास बांधा. पहाटे अंधारात झुडपांत जाणारा माणूस आणि उघड्यावर झोपलेलं मूल, यांना धोका सगळ्यात जास्त. घरमालक त्या रात्री दुसरीकडे सुरक्षित झोपलेला असतो, हे विसरू नका.

प्लॉटवर झाड असेल तर नकाशा त्याच्याभोवती काढता येतो का ते पाहा. मध्य प्रदेशात शहरी भागात झाड तोडायला 2001 च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. तीही आधीच मागायची असते.

तेव्हा नकाशासोबत एक कॅलेंडर काढा. डिसेंबर-जानेवारीत परवानग्या आणि मातीची चाचणी. फेब्रुवारीत दोन-तीन सकाळी प्लॉटवर नुसते बसा आणि कोण येतं-जातं ते पाहा. मार्च-एप्रिलमध्ये पाया, मेअखेर जोतं, दसऱ्यानंतर भिंती आणि लिंटेलचा अखंड पट्टा. तुमच्या गावचा पाऊस वेगळा असेल तर महिने बदला. कॅलेंडर साइटवर, मजुरांनाही दिसेल अशा जागी लावा. आमच्याकडे तारखांचे निम्मे प्रश्न मिस्त्रीनेच आधी विचारले.