पोराच्या तोंडचा ‘अरे’



आज मुलांविषयी बोलायचं आहे. पण सुरुवात करतो ती आपल्या भाषेतल्या दोन लहानशा शब्दांपासून. एक ‘अरे’ आणि दुसरा ‘अहो’.

आपल्याकडे जिवाभावाच्या मित्राला ‘अरे’ म्हणतात, आईला ‘अगं’ म्हणतात, आणि पंढरीच्या विठोबालासुद्धा अरे-तुरेच करतात. त्यात माया असते. म्हणजे शब्द काही वाईट नव्हे. पण एखाद्या बागायतदाराच्या घरची सकाळ डोळ्यांपुढे आणा. साठीचा सालगडी गोठ्यात शेण काढतो आहे, आणि सहा वर्षांचं पोर ओट्यावरून ओरडतं, “अरे ए, माझा चेंडू काढून दे!” म्हातारा चेंडू काढून देतो आणि वर म्हणतो, “घ्या, धाकले मालक.” पोराला हे कोणी शिकवलं? समोर बसवून कोणीच नाही. त्यानं बापाचं ऐकलं, आजीचं ऐकलं. गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्यांना तेच पोर ‘आबा’, ‘तात्या’ म्हणतं. कोणत्या म्हाताऱ्याला आबा म्हणायचं आणि कोणाला अरे म्हणायचं, हा हिशेब त्याला पाढ्यांच्या आधी येतो.

मग तेच पोर शाळेत जातं आणि सारे भारतीय आपले बांधव आहेत अशी प्रतिज्ञा रोज म्हणतं. प्रतिज्ञा चांगलीच आहे. पण मूल ऐकतं त्यापेक्षा पाहतं जास्त. कोण कुठं बसतो, कोणाचा पेला वेगळा ठेवतात, कोणाला उंबऱ्याच्या आत घेतात, हे ते टिपून ठेवतं.

सातारचीच गोष्ट घ्या. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकर तिथल्या सरकारी शाळेत दाखल झाले. बसायला घरून गोणपाट न्यायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायानं तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसला तर तसंच राहायचं. बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. वाचताना आपलं मन त्या एका मुलाकडे जातं, आणि ते जायलाच हवं. पण वर्गातल्या बाकीच्या पोरांचंही मनात आणा. त्यांना कोणी वाईट वागायला सांगितलं नसेलही. ते गोणपाट आणि तो नळ रोज त्यांच्या डोळ्यांपुढे होता, तेवढं पुरे होतं.

त्याच साताऱ्यात 1924 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. तिथं नाना जातींची, धर्मांची मुलं एका छपराखाली राहिली. चूल एक, पंगत एक. लक्ष्मीबाईंनी तर मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले. आता सांगा, शेजारच्या पोरानं थापलेली भाकरी रोज भुकेल्या पोटी खाल्ल्यावर त्याची जात किती दिवस आठवणार? मांडणी बदलली, तसं मनही वळू लागलं.

“आता कुठं राहिलंय हो ते?” असं कोणी म्हणेल. ठीक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि सांगली, कोल्हापूरकडे येतात. फडाजवळ कोप्या पडतात, आणि मधल्या सुट्टीत गावची पोरं एकमेकांना सांगतात, त्यांच्यात खेळू नका, ती टोळीवाल्यांची आहेत. हे वाक्य दहा वर्षांच्या पोरानं स्वतः तयार केलेलं नसतं. ते घरून डब्याबरोबर आलेलं असतं.

शिक्षकबंधू-भगिनींनो, ही मुलं वर्षाच्या मध्येच येतात. 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून त्यांना दारातून परत पाठवता येत नाही. पण हजेरीपटावर नाव चढलं तरी वर्गात जागा मिळतेच असं नाही. त्याला कोपऱ्यात बसवलंत, तर बाकीच्या चाळीस जणांचा धडा तिथंच झाला.

आणखी एक. नवं मूल आलं की भर वर्गात विचारू नका, “वडील काय करतात?” कोणाचे वडील वारलेले असतात, कोणाचे घर सोडून गेलेले, कोणी आजीजवळ वाढतं. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत महाराष्ट्रात आता मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. कागद सुधारला, आपली जीभ अजून जुन्याच प्रश्नावर जाते. त्यापेक्षा हळूच जवळ बोलावून विचारावं, “घरी कोण कोण असतं रे?” बघा, इथं ‘रे’ कसा गोड लागतो.

आणि फडावरून आलेल्या त्या मुलाला एखाद्या दिवशी फळ्यापाशी उभं करा. वाढ्यांचा पीळ देऊन मोळी कशी आवळतात, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत कशी चढतात, हे त्याला सांगू द्या. गावच्या पोरांना ऊस खाता येतो, मोळी बांधता येत नाही. ती प्रश्न विचारतील. विचारू द्यात.