उपाहारगृहाच्या बिलांतील शेवटची ओळ

जेवण आटोपल्यावर बडीशेप तोंडांत टाकीत आपण बिल पाहतों तें केवळ तळच्या रकमेपुरतें. त्या रकमेच्या वर एक-दोन बारीक ओळी असतात. त्या वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. त्या ओळींत कोणाचा पैसा असतो, तो कोठें जातो, आणि कोणत्या हॉटेलवाल्याला ती ओळ लिहिण्याचा अधिकारच नसतो, हें आज मी आपल्यापुढें मांडणार आहें.

मी राहतों तें सुपा हें गांव पारनेर तालुक्यांत, नगर-पुणें रस्त्यावर आहे. रस्ता अहोरात्र वाहता, शेजारीं औद्योगिक वसाहत. त्यामुळें चहाच्या टपरीपासून वातानुकूलित भोजनगृहापर्यंत या धंद्याच्या सर्व पायऱ्या येथें एका फेरफटक्यांत पाहावयास मिळतात.

वाढलेल्या जेवणावर कर घेणें ही गोष्ट वाटते तितकी सरळ नव्हती. मुंबई प्रांतांत विक्रीकर आला तो 1946 सालीं. परंतु हॉटेलांत बसून खाल्लेलें जेवण ही मालाची विक्री कीं नुसती सेवा, हा वाद पुष्कळ वर्षें चालला. 1978 सालीं सर्वोच्च न्यायालयानें नॉर्दर्न इंडिया केटरर्सच्या खटल्यांत ती विक्री नव्हे असा निर्णय दिला. सरकारला अर्थातच हें परवडण्यासारखें नव्हतें. म्हणून 1982 च्या 46 व्या घटनादुरुस्तीनें असें जेवण करापुरतें विक्रींत धरण्यांत आलें. एका ताटासाठीं राज्यघटना दुरुस्त करावी लागली, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं! पुढें 1 जुलै 2017 पासून वस्तु व सेवा कर, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'जीएसटी', सुरू झाला. या कायद्यानें जेवण वाढणें ही सेवाच ठरविली, आणि करही ठेविला.

आरंभीं साध्या हॉटेलला 12 व वातानुकूलित हॉटेलला 18 टक्के असा दर होता. परंतु तेल, गॅस, जागेचें भाडें यांवर मालकानें भरलेला कर त्याला वजा मिळे. ही वजावट मालक घेतात पण जेवणाचे भाव उतरवीत नाहींत, अशी तक्रार झाली. गुवाहाटी येथें जीएसटी परिषदेनें निर्णय घेऊन 15 नोव्हेंबर 2017 पासून दर सरसकट 5 टक्के केला आणि वजावट काढून घेतली. दर रात्रीं साडेसात हजारांहून अधिक भाड्याच्या खोल्या असणाऱ्या बड्या हॉटेलांचा हिशेब निराळा; तो येथें नको. या पांच टक्क्यांपैकीं अडीच केंद्राचे व अडीच राज्याचे. म्हणून बिलावर दोन ओळी दिसतात.

आतां आमच्या गांवच्या पायऱ्या पाहूं. पहिली पायरी टपरीची. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आंत, म्हणजे दिवसाची विक्री सरासरी साडेपांच हजारांच्या आंत असेल, तर नोंदणीच लागत नाहीं. ज्याची नोंदणी नाहीं त्यानें गिऱ्हाइकाकडून कर घेणें हें सरळ बेकायदेशीर होय. दुसरी पायरी दीड कोटीपर्यंत उलाढाल असणारांची. यांना कंपोझिशन, सरकारी मराठींत 'आपसमेळ', योजना घेतां येते. तिच्यांत उलाढालीवर पांच टक्के भरावयाचे, पण ते मालकानें स्वतःच्या खिशांतून. गिऱ्हाइकाच्या बिलांत कर दाखवितां येत नाहीं. आपण या योजनेंतले आहों असा फलक दुकानांत दिसेल अशा जागीं लावावा लागतो. तिसरी पायरी नेहमींच्या नोंदणीची. तेथें कर बिलांत लावून वसूल करतां येतो.

याच रस्त्यावरच्या एका हॉटेलांत भिंतीवर आपसमेळाचा फलक आणि बिलावर पांच टक्के कर, असा चमत्कार मीं पाहिला आहे. विचारतां मालक म्हणाले, "सगळेच लावतात, गुरुजी." सगळेच लावीत नाहींत. कराच्या नांवानें घेतलेला तो पैसा सरकारांत भरणें त्यांना कायद्यानें भागच आहे. पण विचारणारा भेटेपर्यंत तो गल्ल्यांतच राहतो.

माझा एक जुना विद्यार्थी वसाहतींतल्या कामगारांसाठीं खानावळ चालवितो. तो आपसमेळांत आहे. त्यानें मला विचारलें, "गुरुजी, यांतून बाहेर पडूं का?" आम्हीं पाटी-पेन्सिल घेऊन बसावें तसे हिशेबाला बसलों. त्याची विक्री दिवसाला दहा हजार, वर्षाचे 360 दिवस धरून छत्तीस लाख. आपसमेळांत कर होतो 1,80,000 रुपये. आतां समजा तो नेहमींच्या नोंदणींत गेला आणि थाळीची किंमत शंभर रुपयेच ठेविली, कर त्यांतच धरला. मग शंभरांत कर पांच रुपये नसून 100 भागिले 105 गुणिले 5, म्हणजे 4 रुपये 76 पैसे होतो. वर्षाचे 1,71,429 रुपये. सवलतीची म्हणून ओळखली जाणारी योजना साडेआठ हजारांनीं महाग निघाली!

याचें कारण उघड आहे. पूर्वीं नेहमींचा दर बारा-अठरा असतांना पांच टक्क्यांची आपसमेळ योजना स्वस्त होती. 2017 च्या नोव्हेंबरांत नेहमींचा दरही पांचवर आला, वजावट दोन्हीकडे नाहीं, तेव्हां या योजनेचा पैशाचा लाभ संपला. उरला तो कागदपत्रांचा: तीन महिन्यांनीं एकदां भरणा, वर्षाकाठीं एक विवरण, बिलें साधीं. नेहमींच्या नोंदणींत हिशेबनिसाला जें द्यावें लागेल त्यांत ते साडेआठ हजार सहज जिरतात.

"मग वर पांच रुपये लावले तर?" त्यानें विचारलें. तर त्याच्या हातांत पूर्ण शंभर राहतील. पण कामगाराला थाळी एकशें पांचला पडेल, आणि पलीकडे नोंदणी नसलेला गाडीवाला ऐंशींत पोट भरून देतो. व्यापारी गॅसच्या टाकीवर 18 टक्के कर दोघेही भरतात. तो कोणालाच परत मिळत नाहीं. कराच्या पुस्तकांत गिऱ्हाईक कर देतें असें लिहिलेलें असलें, तरी खानावळींत तो कोण देतो हें शेजारचा भाव ठरवितो. धाकट्या धंदेवाल्याच्या जिवावर बेतणारी गोष्ट ती हीच, आणि तिचा विचार दर ठरविणारांनीं पुरेसा केला आहे असें मला वाटत नाहीं.

शहरांतील श्रोत्यांसाठीं आणखी थोडें. स्विगी, झोमॅटो यांवरून जेवण मागविल्यास 1 जानेवारी 2022 पासून कर भरण्याची जबाबदारी त्या कंपनीची आहे. हॉटेल नोंदणीबाहेरचें असलें तरी तेथें कर लागतोच. मद्य या करांत मुळींच येत नाहीं. त्यावर राज्याचा निराळा मूल्यवर्धित कर असून साध्या परमिट रूममध्यें तो 1 नोव्हेंबर 2023 पासून पांचाचा दहा टक्के झाला. आणि मद्य देणाऱ्या हॉटेलाला आपसमेळाचें दार बंद आहे. 'सर्व्हिस चार्ज' हा तर करच नव्हे. तो आपोआप बिलांत घालूं नये असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें 4 जुलै 2022 रोजीं सांगितलें, व दिल्ली उच्च न्यायालयानें 28 मार्च 2025 रोजीं तें उचलून धरलें.

आणि या सर्वांत गांवाचें काय? 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमांत दुकान व हॉटेल चालविण्याच्या धंद्यावर कर बसविण्याचा अधिकार पंचायतीला दिलेला आहे. मात्र अशा व्यवसायकराला घटनेनें वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे. हॉटेलासमोरचें गटार आणि खरकटें उचलण्याचें काम पंचायतीचें, आणि बिलांतले पांच टक्के मुंबई-दिल्लीचे, असा हा वांटा आहे.

माझ्या विद्यार्थ्यानें तूर्त आपसमेळच ठेविला आहे. पुढील वर्षासाठीं ही योजना नव्यानें निवडणाऱ्याला 31 मार्चपूर्वीं अर्ज करावा लागतो. बाहेर मात्र केव्हांही पडतां येतें. त्यानें फलक पुसून स्वच्छ केला, आणि थाळी शंभरचीच आहे.