सोळा की सतरा? चाकं आणि टायर बदलण्याआधी
(रेडिओवरील भाषण)

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्यातली नाना पेठ, गाडीच्या सामानाच्या दुकानांसमोरून जाताना भिंतभर टांगलेली अलॉय चाकं नजरेत भरतातच. काही काळी, काही चंदेरी, काही दुरंगी. गिऱ्हाईक आत शिरतं आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "माझ्या गाडीला किती इंची बसतील?" उत्तरही ठरलेलंच. "सतरा आरामात बसतात साहेब. थोडे घासले तर लायनर कापून देतो."

चाकांच्या बाबतीतले बरेचसे घोटाळे या दोन वाक्यांत सुरू होतात. दुकानात ज्या इंचांची चर्चा चालते तो नुसत्या रिमचा व्यास असतो. गाडीला मात्र टायरसकट अख्ख्या चाकाचा व्यास महत्त्वाचा. स्पीडोमीटर, किलोमीटरचा आकडा, गिअरची ओढ, सगळा हिशेब कंपनीने त्या व्यासावर बसवलेला असतो.

हा हिशेब टायरच्या अंगावरच छापलेला असतो. २०१८ साली आलेल्या मारुती स्विफ्टचं उदाहरण घेऊ. तिच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ हा टायर होता. पहिला आकडा टायरची रुंदी, १६५ मिलिमीटर. दुसरा टक्केवारीचा, म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल आणि १४ म्हणजे रिमचे इंच. वर-खाली दोन बाजू आणि मधला रिम यांची बेरीज केली की चाकाचा व्यास येतो ६१९.६ मिलिमीटर. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ दिला होता. त्याची बेरीज ६२१.५. रिम एका इंचाने वाढला, टायर २० मिलिमीटरने रुंद झाला आणि व्यासात फरक पडला जेमतेम दोन मिलिमीटरचा. दुकानदार ज्याला 'अपसाइझ' म्हणतात ते कंपनीनेच करून दाखवलं आहे, आणि ते कसं करायचं याचा यापेक्षा सरळ धडा नाही. याच गाडीला सोळा इंची रिम घालायचा असेल तर १९५/५५ आर १६ बसतो. त्याचा व्यास ६२०.९.

आता चुकीची बेरीज. पंधराच्याच रिमवर "जरा भरलेला दिसेल" म्हणून कुणी २०५/६५ घातला, तर व्यास ६४७.५ होतो, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त वाढ. स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा चार टक्के कमी वेग दाखवू लागतो, चढावर गाडी दमते, मडगार्डच्या आतल्या लायनरला टायर घासतो, आणि मग ते कापणं येतं. जाणकार मंडळी मूळ व्यासापासून दोन-तीन टक्क्यांपलीकडे जात नाहीत. ही बेरीज मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होते, दुकानात उभ्या उभ्या होते. तरी ती करणारं गिऱ्हाईक क्वचितच दिसतं.

बाहेरचा व्यास तोच ठेवून रिम वाढवला, तर कमी काय होतं? रबराची बाजू. चौदाच्या रिमवर ती १३२ मिलिमीटर होती, पंधरावर १२०, सोळावर १०७, आणि २०५/४५ आर १७ घातला तर ९२. चौदावरून सतरावर जाताना खड्डा आणि रिम यांच्यामधली चार सेंटिमीटर गादी गेली. जर्मनीच्या रस्त्यावर हे खपून जातं. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर जो रस्ता उरतो त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्याची कड टायरला थेट रिमवर दाबते, बाजूच्या आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे लिंबाएवढा फुगा आलेला दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलायचाच. शिवाय लोखंडी चाकाला बेंड आला तर निदान ठोकून सरळ करता येतो. ओतीव अलॉयला तडा जातो. तडा वेल्डिंगने बुजवून, वर रंग मारून, चाक 'नव्यासारखं' करून देणारे कारागीर गावोगावी आहेत. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या भागातल्या धातूची ताकद मात्र उतरलेली असते, आणि ते रंगाखाली दिसत नाही. खड्ड्यांच्या शहरात रोज गाडी चालवणाऱ्याने मूळ मापापेक्षा फार तर एक इंच वर जावं. दोन इंच ही चैन आहे.

अलॉयच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चाकाचा इतिहासही या बाबतीत बोलका आहे. ३ ऑगस्ट १९२४ रोजी फ्रान्समध्ये लिआँच्या ग्रां प्री शर्यतीत एतोर बुगाटी यांनी आपली टाइप ३५ ही गाडी उतरवली. तिची ओतीव ॲल्युमिनियमची चाकं त्या काळी नवलाची होती, आजही संग्रहालयात लोक त्या चाकांपाशी थांबतात. शर्यतीत बुगाटीच्या गाड्या मागे पडल्या त्या टायरपायी. टायरचं रबर नीट पक्कं झालेलं नव्हतं, ते सुटून येऊ लागलं. देखण्या चाकावर कच्चा टायर, ही गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे.

अलॉय म्हणजे हलकं, हा समजही तपासून घ्यावा असा. साच्यात ओतलेलं स्वस्त सोळा इंची चाक मूळच्या चौदा इंची लोखंडी चाकापेक्षा सहज जड भरतं. हलकेपणा मिळतो तो ओतल्यानंतर दाबाखाली फिरवून कड पातळ आणि मजबूत केलेल्या चाकात, ज्याला फ्लो-फॉर्म्ड म्हणतात, किंवा ठोकून घडवलेल्या फोर्ज्ड चाकात. फोर्ज्डची किंमत ऐकून सामान्य माणूस पुन्हा लोखंडी चाकाकडे वळतो, आणि त्यात त्याचं काही फारसं बिघडत नाही. वजनाची खात्री करायची तर दुकानात वजनकाटा मागावा. काटा नसेल तर दोन्ही चाकं एकेक करून हातात उचलून बघावीत.

चाक चांगलं की नाही हे त्याच्या पाठीवर कळतं. जपानी मानकाचे जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे शिक्के अनेक चाकांवर असतात. पहिला निर्माता स्वतःच्या जबाबदारीवर मारतो, दुसरा त्रयस्थ तपासणीनंतर मिळतो. भारतात अलॉय चाकांच्या चाचण्यांसाठी एआयएस-०७३ हे मानक आहे. वळणावर चाकाला सोसावा लागणारा वाक, वजनाखाली सतत फिरणं आणि वरून पडणाऱ्या भाराचा धक्का अशा तिन्ही परीक्षा त्यात येतात, आणि पुण्यात एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते. दर्जेदार चाक परदेशातूनच मागवावं लागतं असंही नाही. १९५० साली हामामात्सूत सुरू झालेल्या जपानी एन्केईचा कारखाना पुण्याजवळ शिक्रापुरात आहे. शिक्का मात्र साच्यातच कोरता येतो, म्हणून ज्या चाकाचं पक्कं बिल मिळत नाही त्याच्या शिक्क्यावर फार भिस्त ठेवू नये.

आता बसण्याचा प्रश्न. इथे फसगत मिलिमीटरांत होते. चाकाची नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. स्विफ्ट, आय-ट्वेंटी, होंडा सिटी यांचा चार भोकं आणि १०० मिलिमीटर. फोक्सवॅगन पोलोचा पाच आणि १००. जुन्या फियाट पॅलिओचा चार आणि ९८. १०० चं चाक ९८ वर जोर लावून बसवता येतं, आणि बसवलं गेलेलं आहे. प्रत्येक बोल्ट एक मिलिमीटर तिरका ओढला जातो, चाक सपाट टेकत नाही, आणि पुढे हायवेवर बोल्ट सैल होतात किंवा तुटतात. मधल्या मोठ्या भोकाचंही तसंच. स्विफ्टच्या हबला ५४.१ मिलिमीटरचं भोक लागतं, होंडाला ५६.१. बाजारातली बरीच चाकं अनेक गाड्यांना चालावीत म्हणून मोठ्या भोकाची केलेली असतात. ती पोकळी भरायला एक साधी कडी मिळते. ती घातली नाही तर बॅलन्सिंग कितीही वेळा करा, ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरतच राहतं.

ऑफसेट, म्हणजे चाकाच्या पाठीवरचा ईटीचा आकडा, थोडक्यात असा: तो मूळपेक्षा कमी असला तर चाक बाहेर येतं. ते दिसायला रुबाबदार असतं. बेअरिंगवर ताण वाढतो, स्टिअरिंग जड लागतं आणि पावसात दारांवर चिखल उडतो.

खरी काळजी घ्यायची ती नटांची. होंडाच्या मूळ चाकांचे नट टोकाला गोलाकार असतात, बाजारातली बहुतेक अलॉय शंकूच्या टोकाच्या नटांसाठी घडवलेली असतात. गोल नट शंकूच्या खाचेत कडेवरच टेकतो, घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि शे-दोनशे किलोमीटरमध्ये ढिला पडतो. आट्यांतही फरक आहे. मारुती सुझुकीचे स्टड सव्वा मिलिमीटर पिचचे, होंडा आणि ह्युंदाईचे दीड मिलिमीटरचे. दुकानातला पोऱ्या डब्यातून हाताला लागेल तो नट उचलतो आणि हवेच्या गनने कचकचून आवळतो. चुकीचा नट अशा वेळी आटे कापत आत जातो आणि सगळं छान बसलं असं वाटतं. म्हणून पहिले तीन-चार आटे हाताने फिरतात का हे मालकाने स्वतः बघावं. शेवटची आवळणी टॉर्क पान्यानेच करून घ्यावी. लहान गाड्यांना टॉर्क ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

एवढं झाल्यावर टायर. बजेट तोकडं असेल तर चाकांवरचा खर्च पुढे ढकलून चांगले टायर घ्यावेत, असं जाणकार सांगतात, आणि त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही. मापाच्या शेवटी ८८ एच असं काहीतरी छापलेलं असतं. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलोचा भार, ८७ म्हणजे ५४५, ८५ म्हणजे ५१५. मूळपेक्षा खालचा आकडा घेऊ नये, मग सवलत कितीही असो. अक्षर वेगाचं: एस १८० किलोमीटर, टी १९०, एच २१०. एवढ्या वेगाने कोण जाणार, असं कुणी म्हणेल. समृद्धी महामार्गावर गाड्यांना १२० ची मुभा आहे. मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवर, भरलेल्या गाडीने, हवा कमी असलेल्या टायरवर तासन्‌तास त्या वेगाने गेलं की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात चेपते आणि आतून तापत जाते. वरच्या अक्षराचा उपयोग ती उष्णता सोसण्यासाठी आहे. नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही असं सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो; दाब बरोबर आहे का, तेवढं महिन्यातून एकदा थंड टायरवर बघितलं म्हणजे पुरे.

घेताना तारीख वाचावी. टायरवर छापलेल्या डीओटीच्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर 'नवा' म्हणून विकला जातो तो इथे सापडतो. आयएसआयचा शिक्का भारतात सक्तीचा आहे. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही टायर बाद. खरं तर टायरचा पुरता गोटा व्हायच्या कितीतरी आधी, पावसाळ्यात पाणी कापण्याची त्याची ताकद संपलेली असते. आणि दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे घालावेत. आपल्याकडे सर्रास पुढे घालतात. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि ती सावरण्याची संधी तरी मिळते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते.

कायद्याचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना, निर्मात्याच्या मूळ नोंदींशी विसंगत ठरणारे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्यामुळे मडगार्डबाहेर आलेली चाकं हे दंडाला आणि विमा कंपनीशी होणाऱ्या वादाला आमंत्रणच. बाहेरून घेतलेली अलॉय विम्यात नोंदवून घ्यावीत, बिल जपून ठेवावं.

सगळ्यात शहाणी खरेदी मात्र या झगमगत्या भिंतीवर टांगलेली नसते. नवी गाडी शोरूममधून निघाली की हौशी मालक कंपनीची अलॉय काढून मोठी घालतात, आणि ती काढलेली चाकं दुकानाच्या मागच्या खोलीत रचलेली असतात. आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा असा संच मिळाला, तर पीसीडी, भोक, ऑफसेट सगळं आपसूक जुळतं. प्रत्येक चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर रिकामं फिरवून बघायचं; कड लहरत असेल तर बेंड आहे. पाठीमागे वेल्डिंगचा उंचवटा बोटाला लागतो का तेही बघायचं, आणि भाव करायचा.

नवी चाकं बसली की ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासून घ्यावे लागतात. डिकीतली स्टेपनी बहुधा जुनी लोखंडीच राहते. बाहेरचा व्यास जुळवलेला असेल तर तिने घरापर्यंत येता येतं. पण अलॉयचे लांब नट लोखंडी चाकावर नीट बसतीलच असं नाही, तेव्हा मूळचे चार नट एका पिशवीत घालून जॅकशेजारी ठेवलेले बरे.